कलमकाका आणि भिंतीपलीकडचा मेंढा

कलमकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नसे. रोपवाटिकेत कलमं बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून ते कलमकाका. त्यांच्या बायकोला मग आपोआपच सगळे काकू म्हणू लागले.

काका पालथ्या बादलीवर बसून काम करत. डाव्या बाजूला ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, उजव्या बाजूला चाकू आणि पट्टीचं रीळ. समोर खुंट, म्हणजे जमिनीतलं मुळाचं झाड, ज्यावर दुसऱ्या झाडाची काडी बसवायची. काप घेताना काका श्वास धरत. काप एकच. दुसऱ्यांदा चाकू फिरवला की साल दुखावते, असं ते म्हणत. सालीला साल भिडवायची, पट्टी आवळायची, आणि मग त्या रोपाकडे पाठ फिरवायची. नवं पान उलगडेपर्यंत "धरलं" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कुणी घाईने विचारलंच तर ते म्हणत, "पान बोलेल. मी कोण बोलणारा?"

त्यांच्या हाताला यश होतं. लिंबाच्या खुंटावर संत्रं, रानगुलाबावर शेंदरी गुलाब, रानवांग्यावर टोमॅटो. शेजारच्या लोकरवाल्याच्या दारात त्यांनी एक झाड करून दिलं होतं. त्याला एका अंगाला लिंबं लागत, दुसऱ्या अंगाला संत्री. येणारे-जाणारे थांबून बघत. रोपवाटिकेची मालकीण कौतुकाने म्हणायची, "काका, तुम्ही दगडालासुद्धा पालवी फोडाल."

काका हसून सोडून देत. पण माणूस कितीही साधा असला तरी असलं वाक्य पूर्णपणे सोडून देता येत नाही. ते कुठेतरी आत जाऊन बसतं.

घर दोन खोल्यांचं. मागे परस, परसात पत्र्याची शेड, आणि परसाच्या टोकाला कमरेएवढी भिंत. भिंतीला एक लाकडी फाटक. पलीकडे लोकरवाल्याच्या मेंढ्या आणि त्याचा तो मेंढा. मेंढा एकच होता, पण आवाज दहांचा.

शेडमध्ये काकूंची शेळी असे. तिचं नाव बाईसाहेब. नाव काकांनी ठेवलं होतं, वैतागून. अगदी कोवळं करडू असताना तिची आई मेली होती. मान धरवत नव्हती. काकूंनी तिला चुलीशेजारी खोक्यात ठेवलं आणि बाटलीने दूध पाजून वाढवलं. त्यामुळे स्वयंपाकघर आपलंच आहे अशी तिची समजूत झाली, ती कायमची. मोठी झाल्यावरही ती डोक्याने दार ढकलून आत यायची, भाजीची देठं मागायची, आणि मिळाली नाहीत तर तिथेच लेंड्या टाकून निषेध नोंदवायची.

"घर तिचं आहे," काकू म्हणायच्या. "आपण भाडेकरू."

मुलगा परगावी नोकरीला होता. फोन केला की तो आधी शेळीची चौकशी करायचा. आईला बोलतं करायचा तोच एक रस्ता होता. काकू मुळात अबोल. नवरा दिवसभर झाडांशी गप्प, आणि घरी आला तरी त्याची सवय काही मोडत नसे. दोघांच्या मधलं जे काही बोलणं होतं ते बहुतेक बाईसाहेबांबद्दल होतं. तिने काय खाल्लं. तिने कुणाला शिंग मारलं. तिचा पाय का दुखतोय.

आता बाईसाहेबांचं वय झालं होतं. तिची आधीची वेतं सगळी बोकडांची निघाली. बोकड ठेवून करायचं काय, म्हणून काकूंनी ते देऊन टाकले होते. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. तिच्या पोटची एक मादी. शेवटची.

"हिच्यातलंच एक राहिलं पाहिजे मागे," त्या म्हणत. "दुसरी शेळी आणता येईल हो. पण ती दुसरी असेल."

अडचण बोकडाची होती. वस्तीच्या टोकाला एक बोकडवाला राहायचा. सगळ्यांच्या शेळ्या तिकडेच जात. त्याची जागा विकली गेली आणि तो जनावरांसकट निघून गेला. बाईसाहेब माजावर आली तेव्हा तिकडे नुसती मोकळी जमीन होती. ती दीड दिवस ओरडली. चारा सोडला, शेपूट हलवत फाटकापाशी उभी राहिली. पलीकडून मेंढा उत्तर देत राहिला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

दुसऱ्या खेपेला काका फाटकापाशी उभे राहून बघत होते. शेळी अलीकडून नाक लावत होती, मेंढा पलीकडून. त्यांनी दोघांकडे बराच वेळ निरखून पाहिलं. खुंट आणि काडी शेजारी धरून जाडी जुळते का हे बघताना बघत, तसं.

लोकरवाला मेंढ्यांना पाणी दाखवत होता. काकांनी त्याला हाक मारली.

"काय रे, तुझा हा इकडे सोडायचा का?"

लोकरवाल्याने बादली खाली ठेवली. "काका, शेळी ती शेळी. मेंढा तो मेंढा."

"आणि लिंबू ते लिंबू, संत्रं ते संत्रं. तुझ्या दारात दोन्ही एका झाडावर लागतात ना? कुणी लावली?"

"तुम्हीच."

"मग?"

लोकरवाल्याने डोकं खाजवलं. त्याला वाद घालता येत नसे, आणि मनातून त्यालाही गंमत वाटत होती. "तसा फरक काय आहे म्हणा. हिची शेपटी वर, माझ्यावाल्याची खाली. कुत्री नाही का, एक घोड्याएवढं आणि एक उंदराएवढं, तरी पिल्लं होतात. पण होणार काय? करडू का कोकरू?"

"जे होईल ते. दूध हिचं, लोकर तुझी."

"आणि आवाज दोघांचा," लोकरवाला म्हणाला. "मग मी गाव सोडतो."

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"अहो, चालतं का असं?"

"जवळची जात आहे," काका म्हणाले. "जवळच्या जातीवर धरतं. लांबच्यावर नाही धरत. संत्र्यावर गुलाब नाही धरणार. पण हे घरातल्या घरातलं आहे."

काकूंना झाडांतलं काही कळत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की हा माणूस धरतं म्हणाला की ते धरतं. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून ज्या एका गोष्टीवर त्यांनी कधी शंका घेतली नाही ती म्हणजे नवऱ्याचा हात.

त्या पुढे झाल्या आणि फाटकाची कडी त्यांनीच काढली.

तीन आठवडे गेले. बाईसाहेब ओरडली नाही. आणखी तीन आठवडे गेले. फाटकाकडे ढुंकून बघेना. चारा मात्र दोघींचा खाऊ लागली. काकूंनी तिच्या पोटाखाली हात धरला, मग काकांकडे पाहिलं.

"धरलं," काका म्हणाले.

पान उलगडायच्या आधी हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असेल.

मग गल्लीला विषय मिळाला. दूधवाला मुद्दाम मागच्या बाजूने जाऊ लागला. कुणी म्हणालं, शेपटी अर्धी वर अर्धी खाली असणार. कुणी म्हणालं, कातरताना दूध येईल आणि पिळताना लोकर. मुलाने फोनवर नाव सुचवलं, "शेंढी." काकू फोन कानाला धरून इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. काका आतल्या खोलीत बसून तो हसण्याचा आवाज ऐकत होते. ते उठून बाहेर आले नाहीत. आलो तर हसणं थांबेल असं त्यांना वाटलं असावं.

काकूंनी शेडची जमीन सारखी करून घेतली. पेंड आणली, हरभरे भिजत घातले. खोकं शोधून ठेवलं. संध्याकाळी त्या दारात बसत आणि दिवसभराचं सगळं सांगत. आज तिने पाठ खाजवून घेतली. आज तिने लोकरवाल्याला डोकं मारलं, बरं झालं, कसला टक लावून बघत होता. काका ऐकत. मधूनच एखादा शब्द घालत. घरात इतकं बोलणं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

आणि मग एके सकाळी बाईसाहेब स्वयंपाकघरात आलीच नाही.

काकू शेडमध्ये गेल्या. ती कोपऱ्यात पाठ उंचावून उभी होती. देठं पुढे केली, तिने तोंड फिरवलं. शेपटीखाली थोडं ओलं दिसत होतं.

"उकाडा असेल," काका म्हणाले.

उकाडा नव्हता. लोकरवाला भिंतीवरून वाकून बघत होता, पण तो काही बोलला नाही. बोलघेवडा माणूस गप्प बसला की समजावं.

जनावरांची डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आली. तरुण होती, नव्यानेच बदलून आलेली. तिने हात धुतले, ताप पाहिला, पिशवीतून एक छोटं यंत्र काढून शेळीच्या पोटाला लावलं. काकू आणि काका शेडच्या दारात उभे होते. लोकरवाला फाटकापाशी.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने होऊन गेले," काकू म्हणाल्या.

"बोकड कुठला?"

लोकरवाला स्वतःच्या पायांकडे बघू लागला. डॉक्टरीणबाईने एकेकाकडे पाहिलं. भिंतीपलीकडे मेंढा ओरडला.

"हा?"

"हो," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पुन्हा यंत्र लावलं आणि पडदा काकूंकडे फिरवला. राखाडी धुक्यात एक ठिपका लुकलुकत होता. हळू.

"आहे," ती म्हणाली. "अजून जीव आहे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "मग औषध द्या ना, बाई."

"काकू, याला औषध नाही."

"जे असेल ते द्या. लांबून मागवावं लागलं तरी चालेल."

"नाहीच आहे. कुठेच नाही. शेळीच्या तापासाठी मी देते. आत जे आहे त्याच्यासाठी काही नाही."

काका पुढे आले. "पण धरलंय ना ते? तुम्हीच दाखवलंत. धरलं नसतं तर इतके दिवस राहिलं असतं का?"

"राहतं, काका. शेळीत आणि मेंढ्यात एवढं होतं. गर्भ राहतो, वाढू लागतो. आणि साधारण या सुमाराला जातो."

"का पण?" काकांचा आवाज चढला. तो चढलेला काकूंनी फार कमी वेळा ऐकला होता. "मी लिंबावर संत्रं बांधतो. ते झाड पंचवीस वर्षं जगतं. जात वेगळीच आहे ना?"

डॉक्टरीणबाई पायरीवर बसली.

"कलमात काय होतं, काका? खाली लिंबू लिंबूच राहतं. वर संत्रं संत्रंच राहतं. दोघं एका विहिरीचं पाणी पितात, एवढंच. शेजारी आहेत ते. एकमेकांत मिसळत नाहीत. इथे तसं नाही. इथे त्या जिवाच्या प्रत्येक कणात दोघांनाही मिळून काम करायचंय. निम्म्या सूचना हिच्या, निम्म्या त्याच्या. कान कधी करायचा, रक्त कुठून न्यायचं, गर्भाला पोसणारी वार कशी रुजवायची. आणि दोघांच्या सूचना जुळत नाहीत. शेळीची गुणसूत्रं साठ, मेंढीची चोपन्न. मांडणीच वेगळी. काही दिवस चालतं. मग अडतं."

"दिसतात तर बहिणी-बहिणी," लोकरवाला पुटपुटला. "कुत्र्यांचं तर काहीही होतं."

"कुत्री दिसायला वेगळी आहेत. आतून सगळी एकच. यांचं उलटं आहे. दिसायला बहिणी, पण यांच्या वाटा कितीतरी लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येकीने घर आपापल्या पद्धतीने लावलंय. आता एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला लागत नाही. हिचं अंगच आता त्या वारेला परकं समजतंय."

"खेचर होतं," काका म्हणाले. "घोडी आणि गाढव. खेचर होतंच की."

"होतं. जगतं, ओझी वाहतं. पण खेचराला पुढे पिल्लू होत नाही. सहसा नाहीच. तिथेही अडतंच, एक पायरी पुढे."

काकूंनी यातलं बहुतेक ऐकलंच नव्हतं. त्या पडद्याकडे बघत होत्या. तो आता काळा झाला होता.

"एखाद्या वेळेस राहतं का?" त्यांनी विचारलं. "एखाद्या वेळेस?"

"फार क्वचित. कुठे कुठे झाल्याचं वाचलंय. मी पाहिलेलं नाही."

"म्हणजे होऊ शकतं."

डॉक्टरीणबाई पिशवी आवरू लागली.

लोकरवाल्याला राहवलं नाही. "बाई, बोकड मिळाला असता का हो?"

"पलीकडच्या वस्तीवर दोन आहेत. मला विचारलं असतं तर मी फोन केला असता. टेम्पोने अर्ध्या तासाचा रस्ता."

तेव्हा काकूंनी काकांकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू रोजच्या जागी नाही असं लक्षात आल्यावर माणूस त्या जागेकडे बघतो, तसं.

त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. पण कशाची वाट पाहायची हेच कळत नव्हतं. काकू "होऊ शकतं" या बाजूला होत्या. काका कामावरून लवकर येऊ लागले. शेडच्या फटींना त्यांनी गोणपाटं लावली. गवत बदललं. पाणी कोमट करून दिलं. आणखी काय करावं ते सुचेना तेव्हा पालथी बादली आणून ते शेळीसमोर बसले. हात गुडघ्यांवर. ज्या हातांना इतकी वर्षं नेमकं काय करायचं ते ठाऊक होतं, त्यांना आता ठेवायला जागा सापडत नव्हती.

बसल्या बसल्या त्यांना एक जुनी गोष्ट आठवली आणि ती डोक्यातून जाईना. उमेदवारीत असताना त्यांनी हट्टाने लिंबाच्या खुंटावर नासपतीची काडी बांधली होती. कित्येक दिवस ती हिरवी राहिली. पानाचा डोळासुद्धा फुगला. सगळ्यांना बोलावून दाखवलं. मग एका सकाळी ती वाळलेली दिसली. पट्टी सोडली तर काप कोरडा होता. दोन्ही बाजू जशाच्या तशा, एकमेकींना न चिकटलेल्या. काडी इतके दिवस स्वतःच्या अंगातल्या ओलाव्यावर हिरवी होती.

हे त्यांना माहीत होतं. रोपवाटिकेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. हिरवी आहे म्हणजे धरली असं नाही.

ते काकूंना सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं. काकू दारात हरभरे निवडत होत्या. बाईसाहेबांनी सकाळपासून चार दाणे खाल्ले होते आणि त्या चार दाण्यांवर काकूंचा चेहरा उजळला होता.

"आज बरी दिसते ना?" काकू म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते रोपवाटिकेत होते. खुंट तयार होता, काडीला काप घेतला होता, आता फक्त बसवायची. रोपवाटिकेच्या फाटकाशी लोकरवाला दिसला. तो धावत आला होता आणि आत न येता तिथेच थांबला होता. काकांनी त्याचं तोंड पाहिलं. काडी गोणपाटावर ठेवली आणि ते उठले. उघडा काप वाऱ्यावर तसाच राहिला. इतक्या वर्षांत काप उघडा टाकून ते कधीच उठले नव्हते.

घरी पोचले तोवर झालं होतं.

काकू शेडमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर जुना टॉवेल. त्यांनी टोक बाजूला करून दाखवलं. तळहातावर मावेल एवढं. पाय होते, खूर होते, मिटलेले डोळे होते. कान चिकटलेले. अंगावर केस नव्हते. करडू का कोकरू, कुणालाही सांगता आलं नसतं. लोकरवाला जवळ आला, त्याने पाहिलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"मादी आहे," काकू म्हणाल्या.

बाईसाहेब गवताची ती ओली जागा चाटत होती. चाटायची, मान वर करायची, हळू आवाजात घुमायची, पुन्हा चाटायची. वार पुरती पडली नव्हती. मागे लोंबत होती आणि रक्त थांबत नव्हतं.

डॉक्टरीणबाई आली. तिने बाह्या वर केल्या आणि बराच वेळ काम केलं. इंजेक्शनं दिली. काकांनी शेळीचं डोकं धरलं, कारण तेवढंच त्यांना करता येत होतं. ती कण्हत होती आणि तिचा गरम श्वास त्यांच्या मनगटावर येत होता.

"वाचेल असं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "ताप उतरला तर वाचेल. पण आता हिला पुन्हा गाभण करू नका. कशानेच नाही. बोकडानेसुद्धा नाही. आतली पिशवी फार दुखावली आहे, वयही झालंय. पुन्हा राहिलं तर ही जाईल."

"बोकडानेसुद्धा नाही," काकूंनी म्हटलं. जणू पाठ करत होत्या.

"नाही, काकू."

डॉक्टरीणबाई गेल्यावर काका म्हणाले, "मला वाटलं होतं..."

"तुम्ही धरतं म्हणालात," काकू म्हणाल्या. "मी कडी काढली."

एवढंच. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. भांडल्या असत्या तर काकांना उत्तर द्यायला तोंड तरी उघडता आलं असतं. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, ही म्हण त्या नेहमी लोकरवाल्याला ऐकवायच्या. तीसुद्धा त्यांनी काढली नाही.

ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. बाईसाहेब वाचली. हाडं वर आली, केस गळाले, पण उभी राहिली. गल्लीतल्या लोकांनी विषय काढला नाही. लोकरवाल्याने मेंढा दुसऱ्या टोकाला बांधायला सुरुवात केली. त्याने काही फरक पडला नाही. आवाजाला दोर लागत नाही. मुलाने फोन केला तेव्हा काकू म्हणाल्या, "बरी आहे," आणि फोन काकांच्या हातात दिला. काकांना मुलाशी काय बोलायचं ते कळेना. ते म्हणाले, "इकडे सगळं ठीक," आणि मुलगाही म्हणाला, "ठीक."

रोपवाटिकेत ते जात होते. काप पहिल्यासारखेच सरळ येत होते. कलमं धरत होती. मालकीणबाईंनी एकदा पुन्हा ते दगडाचं वाक्य म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "नाही हो बाई. दगडाला नाही फुटत." मालकीणबाईंना वाटलं, विनय आहे.

बाईसाहेब बरी झाली याची पक्की खूण मिळाली ती एका सकाळी. ती ओरडू लागली.

आधी काकूंना वाटलं, दुखतंय. मग त्यांनी शेपूट पाहिली. माजावर आली होती. ती सरळ फाटकापाशी गेली आणि लाकडाला डोकं लावून उभी राहिली. पलीकडून लगेच उत्तर आलं, आणि पाठोपाठ लोकरवाल्याच्या शिव्या. मेंढ्याने दोर तोडला होता. भिंतीवर धप्प असा आवाज झाला. पुन्हा धप्प.

भिंत कमरेएवढीच. मेंढा जिद्दीला पेटला तर उडी मारून येईल हे काकांना दिसत होतं. त्यांनी आधीच भिंतीवर तारेची जाळी ठोकली होती, फाटकाला दुसरी कडी लावली होती. आता त्यांनी शेळीच्या गळ्यात दोर बांधला आणि तिला शेडकडे ओढलं. तिने चारी पाय रोवले. अंगात ताकद नव्हती तरी ती हलेना. तिला हे सांगायचं कसं? तिच्या लेखी पलीकडे कुणीतरी तिचं होतं, बोलावत होतं, आणि अलीकडे हा माणूस तिला ओढत होता.

काका खाली बसले. एक हात तिच्या मानेभोवती टाकला. ती ओरडली की तो आवाज आधी त्यांच्या दंडात थरथरायचा आणि मग कानावर यायचा.

काकू मागच्या दारात आल्या.

"नुसती उभी राहू दे ना तिला जाळीपाशी," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांत त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य होतं. "नुसती."

"जाळी टिकणार नाही."

"मग काही करा ना, अहो. किती ओरडते ती."

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काकू खरंच उत्तराची वाट बघत होत्या. एवढं सगळं होऊनही. जणू अजून कुठेतरी एखादी युक्ती असेल, एखादी पट्टी, एखादा काप, जो या माणसाला माहीत असेल.

"काही नाही करता येत," काका म्हणाले. "उद्यापर्यंत चालेल हे. मग शांत होईल."

"आणि मग?"

"मग पुन्हा तीन आठवड्यांनी."

काकू आत गेल्या आणि त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ते पातळ फळ्यांचं दार होतं. त्यातून सगळं ऐकू यायचं.

शेळी ओरडली. भिंतीपलीकडून उत्तर आलं. काकांनी दोराचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला.